पाताळात जाऊन आलेला दगड

एखादी गोष्ट कधीही बदलणार नाही असे सांगावयाचे असले, म्हणजे मराठी माणूस म्हणतो, 'ही काळ्या दगडावरची रेघ आहे.' ज्या दगडात वेरूळची लेणी कोरली गेली, ज्याची जाती आणि पाटे-वरवंटे घरोघर पिढ्यान्पिढ्या चालत आले, ज्याच्या चिऱ्यांनी देवळांच्या भिंती, नद्यांचे घाट आणि गडांचे तट उभे राहिले, तो काळा दगड लोकांना स्थैर्याची खूण वाटावा यात नवल नाही. त्याच्यावर ओढलेली रेघ माणसाच्या कित्येक पिढ्या टिकते, हेही खरे. परंतु तो दगड स्वतः मात्र कायमचा तसाच राहतो, असे नव्हे. तशी परिस्थिती प्राप्त झाली, की काळ्या दगडाचेही रूप पालटते. त्याचा रंग बदलतो, त्यातील कण बदलतात, आणि तेवढ्याच आकाराच्या तुकड्याचे वजनसुद्धा वाढते. हे स्थित्यंतर मोठे विलक्षण आहे. ते समजून घेण्यासाठी प्रथम नांदेड जिल्ह्याच्या पूर्व सीमेकडे वळले पाहिजे.

धर्माबाद हे गोदावरीच्या परिसरातील तालुक्याचे गाव. तेथील लाल मिरचीचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. नांदेडकडून धर्माबादकडे येताना जमिनीचे स्वरूप हळूहळू बदलत जाते. पश्चिमेकडे सपाट माथ्याच्या टेकड्या, काळीभोर जमीन आणि काळा कातळ दिसतो. हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला, दूरवर पसरला आणि थिजला. असे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. धर्माबाद, बिलोली, देगलूर या पूर्वेकडील भागात मात्र हा काळा थर पातळ होत होत संपतो आणि त्याखालचा जुना खडक उघडा पडतो. हा खडक फिकट, कोठे करडा तर कोठे गुलाबी असतो. त्यात ग्रॅनाइट आहे आणि फिकट व गडद पट्टे असलेला 'नाइस' नावाचा खडकही आहे. त्यांचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. काळ्या दगडाचा जन्म होण्यापूर्वी कितीतरी युगे हा फिकट खडक तेथे होता.

जे धर्माबादजवळ जमिनीवर दिसते, तेच मराठवाड्यात इतरत्र जमिनीखाली दडलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच मृत्यू पावली. या शांत समजल्या जाणाऱ्या भूमीखाली आहे तरी काय, हे शोधण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट लागला. त्याखाली काही मीटर जुना गाळ आणि त्याच्याही खाली तोच प्राचीन रूपांतरित खडक लागला. म्हणजे मराठवाड्याची भूमी ही दोन दगडांची बनलेली आहे: वर काळा, जड दगड आणि खाली फिकट, हलका दगड. पुढील सर्व हकिकतीत याच दोन प्रकारच्या दगडांचे काम आहे.

खडकांचे मुख्य प्रकार तीन. शिलारस थिजून जे होतात ते अग्निजन्य खडक. बेसाल्ट व ग्रॅनाइट हे त्यांपैकी होत. वाळू, चिखल, शिंपले यांचे थर दडपून जे होतात ते स्तरित खडक. आणि या दोहोंपैकी कोणताही खडक उष्णतेमुळे व दाबामुळे, न वितळता, आतल्या आत बदलला म्हणजे त्याला रूपांतरित खडक म्हणतात. चुनखडीचा संगमरवर होतो, चिखलाच्या दगडाचा पाटीचा दगड होतो, तो याच रीतीने. पट्टेदार नाइस हादेखील रूपांतरित खडकच आहे. येथे 'न वितळता' हे शब्द महत्त्वाचे आहेत. खडक वितळला तर त्याचा पुन्हा शिलारस होईल आणि जुनी ओळख पुसली जाईल. रूपांतरात तसे होत नाही. घन अवस्थेतच त्यातील अणू आपल्या जागा सोडतात व नव्या रचनेत बसतात.

उष्णतेचे काम सहज ध्यानात येते. भट्टीत मातीची वीट होते हे सर्वांनी पाहिलेले असते. दाबाचे काम मात्र डोळ्यांना दिसत नाही. समुद्रकाठी हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो असतो. पाण्यात दहा मीटर खाली गेले, की त्यात आणखी एक किलोची भर पडते. दगड पाण्याच्या जवळजवळ पावणेतीन पट जड, म्हणून जमिनीखाली दर दहा मीटरला सुमारे पावणेतीन किलोची भर पडत जाते. अशा रीतीने शंभर किलोमीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे तीस हजार किलो, म्हणजे तीस टन भार येतो. माणसाच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सात-आठ हत्ती एकावर एक उभे करावेत, तसा हा भार! तोही केवळ वरून नव्हे, तर सर्व बाजूंनी.

एवढ्या दाबाखाली पदार्थ काय करतो? तो कमी जागेत मावण्याचा प्रयत्न करतो. मापात ज्वारी सैल भरली तर ते लवकर भरते. तेच माप ठोकून हलवले, की दाणे एकमेकांच्या सांदीत बसतात आणि वर आणखी मूठभर ज्वारी मावते. दाणे तेच, पण मांडणी दाट. खडकातील अणूंचेही असेच होते. पेन्सिलीत जे ग्रॅफाइट असते ते कार्बन, आणि हिराही कार्बनच. परंतु हिरा पृथ्वीच्या पोटात प्रचंड दाबाखाली तयार होतो, म्हणून त्यातील अणू दाटीने बसलेले असतात. त्यामुळे तो अतिशय कठीण तर असतोच, शिवाय ग्रॅफाइटपेक्षा दीडपटीहून अधिक जडही असतो. महाराष्ट्रातही याचे एक उदाहरण आहे. भंडारा जिल्ह्यात कायनाइट नावाचे निळसर खनिज सापडते. भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटा करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. अँडालुसाइट, सिलिमनाइट आणि कायनाइट या तिन्ही खनिजांतील घटक अगदी सारखे असतात. दाब कमी असेल तर अँडालुसाइट होते, उष्णता फार असेल तर सिलिमनाइट होते आणि दाब अधिक असेल तर या तिघांत सर्वांत जड असलेले कायनाइट होते. म्हणून कायनाइट हाती आले, की त्या खडकावर कोणे एके काळी मोठा भार पडला होता हे जाणत्याला लगेच कळते.

आता काळ्या दगडाचा प्रश्न. बेसाल्ट पन्नास, साठ, शंभर किलोमीटर खोल नेला तर त्याचे काय होईल? बेसाल्टात मुख्यतः दोन खनिजे असतात. एक फिकट रंगाचे व हलके, त्याचे नाव प्लॅजिओक्लेज. दुसरे गडद व जड, त्याचे नाव पायरोक्सीन. दाब वाढत गेला, की सैल रचनेचे प्लॅजिओक्लेज टिकाव धरू शकत नाही; ते मोडते. त्यातील सोडियम पायरोक्सीनमध्ये शिरते आणि ओंफासाइट नावाचे हिरवेगार खनिज बनते. उरलेले कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम हे लोह व मॅग्नेशियम यांच्याशी मिळून तांबड्या गार्नेटचे दाणे बनतात. काळा दगड नाहीसा होतो आणि त्याच्या जागी हिरव्या अंगावर लाल ठिपके असलेला एक सुंदर खडक तयार होतो. धर्माबादच्या बाजूला मिरची पिकून लाल झाली म्हणजे हिरव्या रानात तांबडे ठिपके उठून दिसतात, काहीसा तसाच हा देखावा. या खडकाचे नाव एक्लोजाइट. फ्रान्समधील खनिजशास्त्रज्ञ आउई याने १८२२ साली हे नाव दिले. ज्या ग्रीक शब्दावरून ते आले त्याचा अर्थ 'निवड' असा आहे. निवडून काढावा असाच हा दगड आहे.

पण एक्लोजाइटचे खरे वैशिष्ट्य त्याच्या रंगात नसून वजनात आहे. एक लिटर पाण्याएवढी जागा व्यापणारा ग्रॅनाइटचा तुकडा सुमारे पावणेतीन किलो भरतो. तेवढाच बेसाल्टचा तुकडा सुमारे तीन किलो भरतो, आणि एक्लोजाइटचा जवळजवळ साडेतीन किलो. याचा अर्थ असा, की जो बेसाल्ट सात घडे जागा व्यापतो, तो एक्लोजाइट झाल्यावर सहा घड्यांत मावतो. पृथ्वीच्या कवचाखाली जो खडक असतो, त्याचा तेवढाच तुकडा सुमारे तीन किलो तीनशे ग्रॅम भरतो. बेसाल्ट त्याच्याहून हलका, म्हणून तो वर तरंगतो. एक्लोजाइट त्याच्याहून जड, म्हणून तो खाली बुडतो. एवढ्याशा फरकाने पृथ्वीवर केवढ्या मोठ्या घडामोडी होतात, हे पुढे दिसेल.

एक शंका येथे सहजच येते. पृथ्वीच्या पोटात खोल गेले की उष्णता वाढते. मग इतका खोल गेलेला दगड वितळत कसा नाही? याचे उत्तर त्याच्या वेगात आहे. थंडगार मोठा धोंडा विस्तवात टाकला, तर त्याची बाहेरची बाजू तापते. पण गाभा बराच वेळ थंड राहतो. पृथ्वीचे कवच अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले आहे आणि हे तुकडे अतिशय मंद गतीने सरकत असतात. जेथे दोन तुकडे एकमेकांवर येतात, तेथे एक तुकडा दुसऱ्याखाली तिरपा घुसतो. समुद्रतळाचा हा थंड तुकडा वर्षाला काही सेंटीमीटर खाली जातो. माणसाच्या दृष्टीने ही गती काहीच नव्हे. परंतु कित्येक किलोमीटर जाडीचा खडक तापण्यास जो काळ लागतो, त्याच्या मानाने ती फार मोठी आहे. त्यामुळे दाब वाढतो, पण उष्णता मागे पडते. अशा वाटेने जाताना बेसाल्टावर प्रथम निळसर छटा येते. लडाखमध्ये शेरगोलजवळ असे निळसर खडक सापडले आहेत. त्याहून खोल गेल्यावर एक्लोजाइट तयार होतो.

धर्माबादचा काळा दगड असा कधी खोल गेला नाही. जेथे पसरला तेथेच तो थिजला आणि ऊन-पाऊस सोशीत राहिला. परंतु भारताच्याच दुसऱ्या एका काळ्या दगडाने हा प्रवास केलेला आहे. काश्मीरच्या पीरपंजाल पर्वतात सुमारे एकोणतीस कोटी वर्षांपूर्वीचे बेसाल्टाचे थर आहेत. भारतीय भूमीच्या उत्तर कडेला त्या काळी जे बेसाल्ट निर्माण झाले, त्यांपैकी काही भाग पुढे पाताळात गेला असे संशोधक मानतात. त्या वेळी भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस नावाचा समुद्र होता. भारत उत्तरेकडे सरकत होता आणि टेथिसचा तळ आशियाखाली जात होता. विहिरीत सोडलेली घागर भरली, की जड होऊन बुडते आणि दोरालाही आपल्यामागे खेचते. समुद्रतळाच्या बेसाल्टाचेही तसेच झाले. खोल जाऊन तो एक्लोजाइट झाला, जड झाला आणि आपल्यामागे उरलेला तळ ओढीत राहिला. समुद्र संपला, तेव्हा त्याला जोडलेली भारताची कडाही खाली ओढली गेली. ही गोष्ट सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीची. याच टकरीतून हिमालय उभा राहू लागला.

त्या बुडालेल्या कडेचा एक भाग आज लडाखमध्ये त्सो मोरीरी सरोवराच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर आणि त्याहूनही अधिक उंचीवर उघड्यावर पडलेला आहे. तेथे फिकट नाइसमध्ये एक्लोजाइटचे गडद तुकडे शिऱ्यातील बेदाण्यांसारखे रुतून बसलेले दिसतात. हे तुकडे किती खोल जाऊन आले, याचा पुरावा मोठ्या चमत्कारिक ठिकाणी सापडला. गारगोटी ज्या क्वार्ट्‌झ खनिजाची असते, त्याचेही फार मोठ्या दाबाखाली एक दाट रूप बनते. लोरिंग कोएस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ साली ते प्रथम प्रयोगशाळेत तयार केले; म्हणून त्याला कोएसाइट म्हणतात. असे रूप बनण्यास सुमारे नव्वद किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीचा दाब लागतो. देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील मुखर्जी व सचान या संशोधकांनी २००१ साली त्सो मोरीरीच्या एक्लोजाइटमध्ये हे कोएसाइट सापडल्याचे प्रसिद्ध केले.

हे कण गार्नेटच्या पोटात दडलेले होते. दगड वर येऊ लागला तसा दाब कमी झाला. दाब गेला की कोएसाइट पुन्हा क्वार्ट्‌झ होऊ लागते आणि फुगते. परंतु भोवती गार्नेटची कठीण डबी! आतल्या कणाला फुगण्यास जागा मिळाली नाही, म्हणून थोडेसे कोएसाइट तसेच राहून गेले. आणि जेथे ते फुगले, तेथे गार्नेटला चहूकडे किरणांसारख्या बारीक भेगा पडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या भेगा पाहिल्या म्हणजे, शंभर किलोमीटर खोल घडलेल्या प्रसंगाची साक्ष एका बारीक कणाने कशी जपून ठेवली, हे दिसून येते.

मग एवढा जड दगड परत वर कसा आला? हे काम त्याच्या फिकट सोबत्याने केले. एक्लोजाइटचे तुकडे ज्या नाइसमध्ये रुतलेले होते, तो धर्माबादच्या नाइससारखाच हलक्या घटकांचा खडक. तो खाली ओढला गेला खरा. परंतु भोवतालच्या खडकाहून तो हलकाच राहिला. पाण्यात दाबून धरलेले लाकूड हात सोडताच उसळून वर येते. खालची ओढ सुटल्यावर तो नाइसही तसाच वर निघाला आणि पोटातील जड दगडांना आपल्याबरोबर घेऊन आला. भूशास्त्राच्या मानाने हा परतीचा प्रवास इतक्या अल्प काळात झाला, की एक्लोजाइटला आपले जुने रूप पुन्हा धारण करण्यास अवधी मिळाला नाही. तो तसा लवकर परतला नसता, तर पाताळातील ही हकिकत कोणालाच कळली नसती.

या दगडाचे महत्त्व केवळ नवलापुरते नाही. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे, आणि माणसाने घेतलेले सर्वांत खोल छिद्र, रशियातील कोला येथील, १२ किलोमीटरांहून थोडेच अधिक खोल आहे. त्याखालचा खडक आणण्यास माणसाचा हात पोहोचत नाही. भूकंपाच्या लहरींवरून तेथील काही माहिती मिळते. परंतु प्रत्यक्ष दगड हाती यावयाचा, तर तो पृथ्वीनेच वर पाठवला पाहिजे. एक्लोजाइट हा असाच पाताळाहून आलेला निरोप्या आहे. कवचाचे तुकडे का सरकतात, या प्रश्नाच्या उत्तरातही त्याचा मोठा वाटा आहे. समुद्रतळाचा बेसाल्ट खोल जाऊन जड होतो, बुडतो आणि मागचा तुकडा ओढतो. तुकड्यांना हलविणाऱ्या शक्तींत ही ओढ सर्वांत प्रबळ मानली जाते.

भारताची भूमी आजही वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकत आहे आणि आशियाला रेटत आहे. त्या रेट्याचा ताण हिमालयापाशीच थांबत नाही. तो दख्खनच्या जुन्या खडकापर्यंत येऊन पोहोचतो. किल्लारीच्या भूकंपामागेही हा ताण होता असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणून लडाखच्या हिरव्या-तांबड्या दगडाचा अभ्यास ही मराठवाड्याला परकी गोष्ट नव्हे. भूमी कशी व कशामुळे हलते हे जितके अधिक समजेल, तितकी घरे कोठे आणि कशी बांधावीत याविषयीची समजही वाढेल.

धर्माबादच्या परिसरात काळा आणि फिकट असे दोन्ही दगड आजही जवळजवळ पाहावयास मिळतात. एक हातात घेतला तर जड लागतो, दुसरा थोडा हलका. वजनातील एवढ्याशा फरकावर समुद्राचे तळ बुडाले, पर्वत उभे राहिले आणि शंभर किलोमीटर खोल गेलेला खडक पुन्हा सूर्यप्रकाशात आला. काळ्या दगडावरची रेघ टिकते ती त्या दगडाला वर राहावयास मिळते तोवरच. तो खाली गेला, की रेघही जाते आणि काळेपणही जातो. मात्र दगड जेथे जेथे जाऊन येतो, तेथली खूण तो आपल्या अंगावर बाळगतो. ती वाचण्यास शिकलेल्या माणसाला वाटेवरचा धोंडाही मुका वाटत नाही.